डावीकडे थंड

आमच्या घरात डावीकडचा नळ थंड आणि उजवीकडचा गरम. जगात सगळीकडे याच्या उलट असतं हे मला माहीत आहे, शिकवायला येऊ नका. बाबांनी बाथरूम नवीन करायला काढलं तेव्हा गवंड्याशी त्यांचं वाजलं. गवंडी काम अर्धवट टाकून गेला आणि उरलेले पाइप बाबांनी हट्टाने स्वतः टाकले. वर फरशा लागल्या, सिमेंट वाळलं, आणि पहिल्याच आंघोळीला कळलं की गरम पाणी उजवीकडून येतंय. आईने विचारलं, आता काय करायचं? बाबा म्हणाले, करायचं काय त्यात, लक्षात ठेवायचं. नळांवरच्या लाल-निळ्या टिकल्या तेवढ्या त्यांनी चाकूने खरवडून काढल्या. चूक दुरुस्त करण्यापेक्षा पुरावा खरवडणं सोपं, असा आमच्या घराण्याचा खाक्या.

त्यानंतर आम्ही सगळे एकेकदा भाजलो आणि शिकलो. सगळे म्हणजे बाबा, आई आणि मी. बाळ तोवर शिकायला दुसऱ्या गावी गेला होता. तिथेच नोकरीला लागला आणि तिथेच त्याने संसार थाटला.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. निम्मे केस गेले, पोट पुढे आलं, दोन पोरांचा बाप झाला, तरी आईच्या तोंडी तो बाळच. सुट्टीत चार दिवस यायचा. आला की आईचा पहिला हुकूम सुटायचा, बाळाचं पाणी काढ. मग मी बादलीत गरम पाणी सोडायचे, त्यात थंड घालायचे, कोपर बुडवून बघायचे, टॉवेल दाराला अडकवायचे आणि हाक मारायचे. तो यायचा, दोन तांबे अंगावर घ्यायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, घरच्या पाण्याची मजा काही औरच. मजा असणारच. कालवून कोण ठेवत होतं? नळाला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही, आणि येऊ दिली नाही ती आम्ही दोघींनीच.

बाबा गेले. मग आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती जी अंथरुणाला खिळली ती खिळलीच. तिला कुशीवर वळवायला माणूस लागतं, भरवायला लागतं, बसवून अंग पुसायला लागतं. चादरी रोज निघतात, कधी दोनदाही. त्या नुसत्या ओल्या नसतात, एवढं सांगितलं की पुरे. थंड पाण्याने त्यांचा वास जात नाही, म्हणून मी गरम पाण्यात भिजवून, बसून, हाताने धुवायचे. माझी बोटं हिवाळा-उन्हाळा फाटलेली. भाजी चिरताना मीठ लागलं की ब्रह्मांड आठवायचं. आल्यागेल्याला आई सांगायची, बाळ रोज फोन करतो हो, एक दिवस चुकवत नाही. मी तिथेच चादर बदलत असायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

लग्न माझं झालं नाही. का, ते विचारू नका, त्याला मोठी गोष्ट नाही. आधी बाळाचं शिक्षण, मग बाबांचं आजारपण, मग लोकांनी विचारणं बंद केलं. मी शिवणकामाच्या शाळेत शिकवत होते, ते आई पडल्यावर सुटलं. आणि गेल्या वर्षी, आता आपलं काही होत नाही असं मी मनाशी पक्कं केल्यावर, एक नोकरी चालून आली. नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह, तिथे देखरेखीला बाई हवी होती. माझी शिवणशाळेतली जुनी मैत्रीण तिथे स्वयंपाकघर सांभाळते, तिने माझं नाव सुचवलं. मी जाऊन खोली बघून आले. लहानशी खोली, एक खिडकी, एक पलंग, आणि दाराला आतून कडी. ती कडी मी दोनदा लावून बघितली. आमच्या घरी माझ्या दाराला कडी आहे, पण आई पडल्यापासून ती लावलेली नाही. हाक कधी येईल सांगता येत नाही ना.

परत येऊन मी बाळाला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी मागितलं. तो कॉम्प्युटरवर काम करतो, कुठेही बसून करता येतं, हे त्यानेच शंभरदा ऐकवलं होतं. म्हटलं, मग इथे बसून कर. आईला तुझ्याकडे नेता येणार नाही, तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि ती हे घर सोडायची नाही. तू ये.  तो म्हणाला, बायकोशी बोलतो.

भावजय वाईट नाही. तोंडावर बोलते, एवढंच. ती म्हणाली, आम्ही आळीपाळीने येऊन राहू, पण ताई, तुमच्यासारख्या चादरी हाताने धुणं आमच्याच्याने होणार नाही, आधी मशीन बसवू, गरम पाण्याचं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट मी मनात म्हटलं, बाई गं, हे तुला आधी का सुचलं नाही? पण भांडायची वेळ नव्हती. मशीन जोडून झालं की मी सुटणार होते. सोमवारी मला हजर व्हायचं होतं आणि शनिवारी मशीन घेऊन बाळ येणार होता. वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी बजावलंच होतं, सोमवार म्हणजे सोमवार, रांगेत आणखी दोघी आहेत.

आईला मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, बाळ येणार म्हणतेस, बरं झालं. मला वाटलं, चला, एवढ्यावर भागलं.

मशीन आलं. खोक्यातून काढलं तेव्हा आईने आपल्या खोलीतून विचारलं, केवढं आहे गं? बाळाने तिला मोबाइलवर फोटो काढून दाखवला. मशीनच्या पाठीला दोन तोंडं होती, एक लाल, एक निळं. हे मशीन स्वतः पाणी तापवत नाही, गरम पाणी घरातून घेतं, म्हणून दोन नळ्या. गरमाची लाल, थंडाची निळी. जागा एकच होती, बाथरूमच्या बाहेरचा बोळ. बोळाच्या पलीकडे आईची खोली, मधली भिंत एका विटेची. या भिंतीतून आम्ही एकमेकींचे उसासेसुद्धा ऐकतो.

प्लंबर गल्लीच्या टोकाला राहतो. तोंडात स्क्रू धरून बोलायची त्याला सवय, त्यामुळे तो काही विचारतोय की खाकरतोय ते कळत नाही. त्याने टाकीचं पाणी बंद केलं, गिझर बंद केला, पाइप रिकामे केले. मग त्याच्या लक्षात आलं की मशीनची घाण पाण्याची नळी मोरीपर्यंत पुरत नाही, लांब आणावी लागेल. बाळ म्हणाला, ताई, तू जा, तुला दुकान माहीत आहे. हेही खरंच होतं. दुकान मला माहीत, भाजीवाला मला माहीत, आईच्या गोळ्या मला माहीत. मी गेले. दुकानदार जेवायला गेलेला. मी पायरीवर बसून राहिले, उन्हात, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. सोमवारनंतर कोणी कुठे पाठवणार नाही असं मनात चाललं होतं.

परत आले तोवर दोन्ही नळ्या जोडून झाल्या होत्या. मशीन भिंतीला लावलेलं, पाठ दिसत नव्हती. लांब नळी लावल्यावर प्लंबरने पाणी सोडलं आणि मशीन रिकामंच फिरवून दाखवलं. दोन्हीकडून पाणी येत होतं आणि दोन्हीकडचं गारच होतं, गिझर सकाळपासून बंद असल्यावर दुसरं काय येणार? कुठला नळ गरम ते मी विचारलं नाही. या दोघांनी दारातून आईला विचारलं असेल, असं मी धरून चालले. घरात जाणतं माणूस होतं ना. बोलता येतं, ऐकू येतं, डोकं शाबूत. मला त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी बॅग भरली. चार साड्या, दोन गाऊन, चष्म्याचं घर, शिवणाचा डबा. गिझर लावला, आईचं अंग पुसलं आणि बाळाला एकेक गोष्ट समजावायला घेतली. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कूस किती वेळाने बदलायची, पाठीला पावडर कशी लावायची. तो मान डोलवत होता आणि मधेमधे मोबाइल बघत होता. चादरींचं काय ते आता मशीन बघेल, म्हणाला.

तेवढ्यात आई म्हणाली, "पहिली माझी शाल घाला त्यात."

ती शाल कोणती ते सांगायला हवं. बारीक लोकरीची, करड्या रंगाची, बाबांनी घेतलेली. न मागता बाबांनी तिला दिलेली ती एकच वस्तू. मी सोडून कोणाला ती धुऊ द्यायची नाही. धुवायची तीही थंड पाण्यात, पिळायची नाही, उन्हात टाकायची नाही. एकदा शेजारच्या काकूंनी नुसती झटकली तर आईने आठवडाभर अबोला धरला होता. म्हणून मी म्हटलं, शाल कशाला, चादरी घालू या. आई म्हणाली, नाही, बाळाने मशीन आणलंय, त्यातलं पहिलं धुणं माझं होऊ दे. तिचा आवाज भरून आला होता. बाळाचे डोळे ओले झाले. माझेही झाले, कशाला खोटं बोलू? म्हटलं, म्हातारी मनाची तयारी करतेय.

बाळाने स्वतःच्या हाताने शाल आत ठेवली. लोकरीचं बटण दाबलं, थंड पाण्याचं दाबलं. मशीन फिरायला लागलं. आम्ही दोघं बोळात स्टुलं टाकून बसलो आणि कितीतरी वर्षांनी बहीणभावासारखे बोललो. तो म्हणाला, तू खूप केलंस गं ताई. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते.

मशीन थांबलं. बाळाने झाकण उघडलं आणि वाफेचा लोट त्याच्या चष्म्यावर आला. आतून त्याने जे काढलं ते शाल नव्हतं. पायपुसण्याएवढं, पुठ्ठ्यासारखं कडक, गोळे-गोळे झालेलं काहीतरी होतं. मी मशीन ओढून पुढे घेतलं आणि मागच्या नळ्यांना हात लावला. निळी नळी चटका बसेल इतकी तापली होती.

"कुठला नळ गरम म्हणून सांगितलंस तू प्लंबरला?" मी विचारलं.

तो म्हणाला, डावीकडचा, अजून कुठला? म्हटलं, या घरात उजवीकडचा गरम आहे. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी त्याला भलत्याच्या घरातल्या गोष्टी सांगतेय. मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. तू सांगायला नको का? तू गिझर कशाला लावलास? बाबांनी असले उलटे उद्योग करायचे आणि निस्तरायचं आम्ही? तू आम्ही कधी झालास रे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. शाल दाखवा.

दाखवली. आईने ती छातीवर घेतली आणि रडायला लागली. नुसते डोळे टिपणं नाही, लहान मूल हुंदके देतं तशी. बाळ पलंगापाशी उभा राहून सॉरी आई, सॉरी आई म्हणत होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. माझं मनगट धरलं, घट्ट, आणि म्हणाली, "मला याच्या हवाली करून जाऊ नकोस. आज शाल गेली, उद्या माझ्यावर ओतेल."

झालं. बाळाचा चेहरा उतरला. मला त्याची कीव आली, खरंच आली. आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यात थोडी सुटका पण होती, तीही मला दिसली. बहीण आहे मी त्याची, लहानपणी त्याचं नाक पुसलंय. तो म्हणाला, बघ ना ताई, आईलाच विश्वास वाटत नाही, मी तरी काय करू? भावजयीला फोन लावला. ती म्हणाली, अहो, बाथरूममध्ये उलटे नळ असतील आणि उद्या आईंना भाजलं, तर जन्मभर आमच्या नावाने खापर फुटेल. मी म्हटलं, एक नळ आहे, काय अणुबॉम्ब नाही, मी लाल रंगाची पट्टी लावून देते. पण मी एकटीच बोलत होते. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे नाचायची इच्छाच कोणाला होती?

संध्याकाळी तो निघाला. पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला. दारात पुन्हा वळून मला धीर देत म्हणाला, "मशीन आहे ना आता. तुझा निम्मा त्रास गेला." नळ्या बदलून घ्यायच्या राहिल्या त्याचं काय, विचारलं. तो म्हणाला, आता पुन्हा प्लंबर कशाला? गरम हवं तर थंडचं बटण दाबायचं आणि थंड हवं तर गरमचं. एवढं लक्षात ठेवायचं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. बाबा मेले असं कोण म्हणतं?

मोठ्या बाईंना मी फोन केला. महिनाभराची मुदत मागितली. त्या नीट बोलल्या, आईची चौकशी केली, आणि म्हणाल्या की जागा धरून ठेवता येणार नाही. मैत्रिणीने नंतर सांगितलं की माझ्या खोलीत आलेली बाई घोरते. मी बॅग रिकामी केली. चष्म्याचं घर तेवढं कितीतरी दिवस बॅगेतच राहिलं.

दिवस जात राहिले. मशीन चालायचं, चादरी स्वच्छ निघायच्या, हे नाकबूल करणार नाही. बोटं बरी झाली. भेटायला येणाऱ्यांना आई सांगायची, बाळाने मशीन घेऊन दिलं, आता हिला कामच नाही काही. त्या आटलेल्या शालीचं तिने काय करावं? ती उशाशी ठेवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, बाळाच्या हातून आटली हो, बिचारा. म्हणजे बिचाराही तोच.

एक दिवस मी तिला खुर्चीवर बसवून आंघोळ घालत होते. आठवड्यातून एकदा मी तिला बाथरूममध्ये नेते, पाठीवर पाणी घेतलं की तिला बरं वाटतं. माझं डोकं त्या दिवशी आधीच फिरलेलं होतं, कारण चुकून बरोबर बटण दाबल्यामुळे चादरी गार पाण्यात निघाल्या होत्या आणि वास तसाच राहिला होता. मी स्वतःशीच बडबडत होते, की बाळाच्या डोक्यात काय भूत शिरलं होतं कोण जाणे, एवढं न बघता सांगायचं म्हणजे काय.

आई म्हणाली, "प्लंबरने विचारलं होतं की त्याला. नळावर खूण नाही, नक्की कुठला, म्हणून. तर म्हणाला, डावीकडचाच, माझं घर आहे, मला माहीत नाही का?"

ती हसत होती. बाळाची नक्कल तिला छान जमते.

माझा हात तांब्यासकट थांबला. मी त्या वेळी दुकानाच्या पायरीवर होते. बाळाने मला हे एवढं कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, तुला गं कसं माहीत? ती म्हणाली, ऐकू येतं की, भिंत कुठे जाड आहे. हे ती पटकन बोलून गेली. पाठमोरी होती, तोंड दिसत नव्हतं. मानेवरचे ओले पांढरे केस तेवढे दिसत होते.

मी एकेक शब्द जुळवत विचारलं, म्हणजे तू ऐकलंस. तो चुकीचा नळ सांगतोय हे तुला तेव्हाच कळलं. हाक मारली असतीस तर दोन पावलांवर तो होता.  आणि मग मला शाल आठवली. पहिली माझी शाल घाला. कोणाला हात लावू न देणारी ही बाई, भरल्या आवाजात, पहिली माझी शाल घाला.

"जाणूनबुजून घालायला लावलीस?"

तिने मान हलवली नाही, नाही म्हटलं नाही, रडलीही नाही. पाठीवरचं पाणी निथळेपर्यंत गप्प बसली आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगावं तशी म्हणाली, "शालच गेली ना. तू तर राहिलीस."

माझा हात डाव्या नळावर गेला होता. ऐन थंडीचे दिवस होते, टाकीचं पाणी बर्फासारखं. उघडावा आणि भरलेली बादली ओतावी तिच्या पाठीवर, असं मला वाटलं, आणि ते वाटलं याची मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. उघडला नाही एवढंच. उजव्या नळाचं पाणी घेतलं, त्यात थंड कालवलं, कोपर बुडवून बघितलं आणि तिची आंघोळ पुरी केली. अंग पुसलं, पावडर लावली, कपडे घातले, पलंगावर नेऊन निजवलं.  ती म्हणाली, रागावलीस? मी दिवा बंद केला.

माझ्या खोलीत आले आणि दाराला आतून कडी लावली. कडी गंजून घट्ट झाली होती, हातोडीने ठोकून बसवावी लागली. आईने दोनदा हाक मारली. पहिल्या हाकेला मी गेले नाही. दुसऱ्या हाकेला गेले, तिला पाणी हवं होतं.

प्लंबरला बोलावलं ते त्याच आठवड्यात. त्याला म्हटलं, बाथरूममधले नळ सरळ करायचेत, डावीकडे गरम, जगात असतात तसे. तोंडातले स्क्रू काढून तो म्हणाला, भिंत फोडावी लागेल, फरशा जातील, आणि त्या रंगाच्या फरशा आता मिळत नाहीत. म्हटलं, जाऊ देत, कुठल्याही रंगाच्या बसव. त्याने छिन्नी लावली. पहिल्या ठोक्याला आईच्या खोलीतलं घड्याळ हललं.

आईने हाक मारली. काय फोडताय, विचारलं. मी दारात उभी राहून सांगितलं. ती म्हणाली, कशाला उगाच, आपल्याला माहीत आहे ना आपल्या घरात कुठला गरम ते. इतकी वर्षं चाललंच ना?

मी म्हटलं, "तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. आता बाळाला कळलं पाहिजे, त्याच्या बायकोला कळलं पाहिजे, पगार देऊन ठेवलेल्या परक्या बाईलासुद्धा न विचारता कळलं पाहिजे."

ठोके चालू होते. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हातारी हुशार आहे, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. उशाशी हात नेऊन तिने ती शाल ओढली आणि गळ्यापर्यंत घ्यायला गेली, पण ती छातीवरसुद्धा पुरत नव्हती. मग विचारलं, कधी? म्हटलं, जागा मिळाली की. मैत्रिणीला सांगून ठेवलंय, कुठलंही वसतिगृह चालेल. आणि बाळाला फोन करून सांगितलंय, की आता नळ सरळ होताहेत, तू नाही आलास तर बाई ठेवीन, बाई नाही मिळाली तर तुझ्या बायकोला इथे आणून दाखवीन डावीकडे काय येतं ते. आई म्हणाली, मी तुझी आई आहे गं. म्हटलं, हो, म्हणूनच आजवर राहिले.

पाइप बदलले. मशीनच्या नळ्यांना मात्र हात लावावा लागला नाही. बाळाने सांगितलेलं आता आपोआप बरोबर झालं होतं, त्याचं नशीबच तसलं. खरवडलेल्या टिकल्यांच्या जागी प्लंबरने नवीन टिकल्या चिकटवल्या, डावीकडे लाल, उजवीकडे निळी. मधे चार पांढऱ्या फरशा वेगळ्याच दिसतात, दिसू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुवायला म्हणून मी सवयीने डावा नळ उघडला आणि बोटं भाजली. तोंडातून शिवी गेली. आईने आतून विचारलं, काय झालं गं?

"काही नाही," मी म्हटलं. "होईल सवय."